मोठी बॅटरी टाकूनही सेल्फ लागत नाही? पुन्हा खर्च करण्याआधी हे तपासा

बाईकची बॅटरी सारखी उतरायला लागली की गॅरेजमध्ये आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच सल्ला मिळतो: "भाऊ, एक नंबर मोठी टाक, टेन्शनच नको." मग पाचच्या जागी सातची येते, नऊच्या जागी चौदाची. दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा एका सकाळी स्टार्टर नुसता टिकटिक करतो. ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांवर हा प्रकार मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता नवी बॅटरी सुचवण्याआधी मल्टिमीटर काढतो.

बॅटरी वीज बनवत नाही, साठवते. नळाला पाणी कमी दाबाने येत असेल आणि पाइपला गळती असेल, तर गच्चीवर मोठी टाकी बसवून ती भरणार कुठून? बाईकचंही तसंच. एक तर चार्जिंग नीट होत नाही, नाहीतर गाडी बंद असताना कुठेतरी वीज गळते. या दोन्हीपैकी काहीच नसेल आणि बॅटरी खरोखर अपुरी पडत असेल, तरच मोठी बॅटरी घ्यावी.

साधा हिशोब करा. दीडशे-दोनशे सीसीची बाईक चालू करताना स्टार्टरने ६० अँपिअर ओढले आणि सेल्फ दोन सेकंद दाबला, असं धरू. खर्च होतो ०.०३ अँपिअर-तासाच्या (बॅटरीची साठवण याच मापात मोजतात) आसपास. चार्जिंग धड असेल तर ही भरपाई काही मिनिटांत होते. म्हणजे रोज चार-पाच वेळा सेल्फ मारल्यामुळे चांगली बॅटरी बसत नाही. "सेल्फ जास्त मारता म्हणून उतरते" हे गॅरेजचं वाक्य म्हणूनच मला पटत नाही.

लक्षणं काय सांगतात

आधी गाडी नेमकी कशी आणि कधी रुसते ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

सेल्फ दाबल्यावर भराभर टिकटिक आवाज येतो आणि मीटरचे दिवे मंद होतात: बॅटरीत दम नाही, किंवा टर्मिनल सैल आहे.

एकदाच "टक्" होतं, पुढे काही नाही, पण हॉर्न दणदणीत वाजतो: बॅटरी सहसा ठीक असते. स्टार्टर रिले, जाड केबल किंवा स्टार्टर मोटरवर संशय घ्या.

काहीच होत नाही, मीटरही लागत नाही: फ्यूज किंवा मेन कनेक्शन. मीटर लागतो पण सेल्फ मुका असेल, तर किल स्विच, क्लच स्विच आणि साइड स्टँडचा स्विच बघा. पावसाळ्यात स्टँडच्या स्विचमध्ये चिखल जातो आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

रोज वापरताना काही तक्रार नाही, पण गणपतीला गावी जाऊन आलं की गाडी मेलेली असते: गळती. कोकणात जाणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्यांचं हे इतकं ठरलेलं आहे की परतीच्या आठवड्यात बॅटरीवाल्यांकडे रांग दिसते.

लांब रस्त्यावर उत्तम चालते, पण साकीनाक्याच्या ट्रॅफिकमधून घरी आल्यावर पुन्हा चालू होत नाही: आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, चार्जिंग कमी पडतंय. का, ते पुढे येतंच.

बल्ब वरचेवर उडतात, बॅटरी गरम होते, फुगते किंवा आंबट, उग्र वास येतो: ओव्हरचार्जिंग. इथे मोठी बॅटरी, छोटी बॅटरी हा विचारच सोडा. गाडी बंद करा आणि थेट खालच्या "आरआर आणि स्टेटर" या भागाकडे जा.

फुकटातली तपासणी

साइड पॅनेल काढा. लागणार काय, तर एक प्लस स्क्रू-ड्रायव्हर आणि दहा नंबरचा पाना. दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. जरा जरी हललं तरी सैल समजा.

पोलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर काढून साफ करायची. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. क्रम महत्त्वाचा, कारण गाडीची सगळी चासी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना फ्रेमला टेकला की सरळ शॉर्ट. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, नीट वाळवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या.

एवढ्याशा पुडीने काय होतं? ०.०५ ओहमचा अडथळा म्हटलं तर काहीच नाही. पण त्यातून ६० अँपिअर जाताना ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. १२.७ ची बॅटरी स्टार्टरला ९.७ ची वाटते, आणि दोष बॅटरीला लागतो.

बहुतेक लोक पोल साफ करून थांबतात आणि निगेटिव्ह केबलचं दुसरं टोक विसरतात. ती केबल इंजिनला किंवा फ्रेमला जिथे बोल्टने लागते ती जागा शोधा. वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो बोल्ट बाहेरून बरा दिसतो. सोडवला की वॉशरच्या खाली तपकिरी गंजाचं कडं आणि केबलच्या टोकात हिरवी पडलेली तांब्याची तार निघते. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत करा. तार आतपर्यंत हिरवी असेल तर केबलच बदला. बॅटरीच्या मानाने ती फारच स्वस्त पडते.

मल्टिमीटर घ्या

मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत कामचलाऊ डिजिटल मीटर मिळतो. तोही नको असेल तर एखाद्या मित्राचा मागून आणा, पण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*पहिलं माप, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर.* गाडी नुकतीच चालवून आल्यावर मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. सकाळी चावी लावण्याआधी, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून थेट पोलवर मोजा. १२.७ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, आणि लेड-ॲसिड बॅटरी या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. तिची क्षमता मग कायमची घटते. एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते, ती यामुळे.

*दुसरं, सेल्फ दाबताना.* कोणालातरी बटण दाबायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. ९.६ ते १० च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर किंवा उतरलेली. आधी १२.७ दाखवत होती आणि दाबताच ७-८ वर आली, तर आत सेल गेला आहे. ती चार्ज करून उपयोग नाही. याच वेळी आणखी एक माप घ्या: मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ दाबताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग, म्हणजे वर सांगितलेली निगेटिव्ह केबलची इंजिन-फ्रेमवरची जोडणी, अजून खराब आहे.

*तिसरं, गाडी चालू असताना.* सगळ्यात महत्त्वाचं माप हेच, आणि गॅरेजात क्वचितच कोणी घेतं. आयडलला मोजा, मग रेस देऊन ४,००० आरपीएमच्या आसपास मोजा. रेसवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. रेस देऊनही १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, आणि नवी मोठी बॅटरीसुद्धा तो उकळवून टाकील.

एक जुनी खोड इथे सांगायलाच हवी. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बंद पडली की चार्जिंग नाही" असं ठरवणारे वायरमन अजून आहेत. हे करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. ईसीयूच्या किमतीत किती बॅटऱ्या येतील ते शोरूमला विचारा.

माप चांगलं, तरी बॅटरी उतरते?

आता आयडलिंगचं. इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची ताकद आरपीएमवर असते. सिग्नलला गाडी गुरगुरत उभी असते तेव्हा तो जेमतेम भागवतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच असतो, बंद करायची सोय नाही. ५५ वॉटचा हॅलोजन असेल तर साडेचार अँपिअर तिथेच गेले. त्यात उजवा पाय मागच्या ब्रेकवर, म्हणजे २१ वॉटचा ब्रेक लाइट. वर हँडलला मोबाइल चार्जिंगला. अंधेरीहून कुर्ल्यापर्यंत असं रांगत जाताना बॅटरीत जमा काही होत नाही, उलट खर्चच होतो. उतारावर नसाल तर सिग्नलला न्यूट्रल करून ब्रेकवरचा पाय काढा आणि रविवारी गाडी एकदा ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अर्धा-पाऊण तास मोकळी पळवा. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडण्याची सवय असेल तर तीही मोडा.

नंतर लावलेल्या सामानाची यादी करा: क्रॅश गार्डवरचे फॉग लाइट, डबल हॉर्न, यूएसबी सॉकेट, जीपीएस ट्रॅकर, अलार्म. २० वॉटचे दोन एलईडी म्हणजे आणखी सव्वातीन अँपिअर. कम्यूटर बाईकच्या अल्टरनेटरकडे एवढी शिल्लक नसते. फॉग लाइट बंद आणि चालू अशी दोन्ही मापं रेसवर घ्या. चालू केल्यावर १३ च्या खाली आलं तर दिवे कमी करा. बॅटरी कितीही अँपिअर-तासांची असली तरी हा तुटवडा भरून निघत नाही.

गळती मोजायला मीटर मालिकेत लावावा लागतो. चावी बंद करून निगेटिव्ह केबल सोडवा. मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घाला. एक काडी केबलला, एक पोलला. काही मिनिटं थांबा, ईसीयू आणि मीटर कन्सोल झोपायला वेळ घेतात. आकडा अगदी लहान दिसला तर काड्या मिलिअँपिअरच्या भोकात बदलून पुन्हा मोजा. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला हात लावू नका, फ्यूज उडेल.

पाच मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या, घड्याळ आणि ईसीयूच्या स्मृतीला तेवढं लागतं. तीस दिसले तर एकेक जोडणी काढत जा. ज्या वेळी आकडा पडेल तो चोर. बहुतेक वेळा ट्रॅकर, अलार्म किंवा थेट बॅटरीवरून घेतलेलं यूएसबी सॉकेट निघतं. तीस मिलिअँपिअरने ९ अँपिअर-तासाची बॅटरी साडेबारा दिवसांत पूर्ण रिकामी होते. सेल्फ लागेनासा व्हायला तर त्याच्या निम्मे दिवस पुरतात. १४ ची टाकली तर साडेएकोणीस दिवस. गणपती ते गौरी निभावेल, मे महिना नाही. सॉकेट चावीनंतरच्या लाइनवर रिलेने घ्या, आणि गावी जाताना निगेटिव्ह काढून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.

बॅटरी कधी भरलीच नव्हती, असंही होतं

काही नव्या बॅटऱ्या कोरड्या येतात. दुकानदार सोबतच्या बाटल्यांतलं ॲसिड ओततो आणि पाच मिनिटांत गाडीत बसवून देतो. ॲसिड प्लेटांत मुरायला निदान अर्धा तास आणि त्यानंतर पहिलं पूर्ण चार्जिंग हवं. ते न देता बसवलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून अपुरी राहते, आणि रोज वांद्रे ते दादर एवढीच फेरी असेल तर ती पुढेही कधी पूर्ण भरत नाही. खरेदी करताना फॅक्टरीत भरून आलेली मागा आणि अंगावरची तारीख वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली घेऊ नका.

उतरलेल्या बॅटरीला "दोन तासांत चार्जिंग मारून देतो" म्हणणारे कारच्या चार्जरला लावतात. बाईकच्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या साधारण दहावा भाग करंट द्यायचा: ९ अँपिअर-तासाला ०.९ अँपिअर, रात्रभर. पार्किंगमध्ये प्लग नसला तर बॅटरी काढून घरी न्या. चाळीच्या गॅलरीत ठेवलेली उत्तम. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. पूर्ण भरून एक रात्र नुसती ठेवा आणि मग मोजा. १२.५ च्या खाली आली तर तिच्यात जीव नाही. गाडी निर्दोष आणि बॅटरी म्हातारी असेल, तर मूळ नंबरची नवी बॅटरी टाकून विषय संपतो.

आरआर आणि स्टेटर: इथवर घरी, पुढे नाही

रेसवर १३ येत नसेल आणि पोल-अर्थिंग स्वच्छ असेल, तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट शोधा. फासळ्या असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, सीटखाली किंवा हेडलाइटमागे. तो फ्रेमच्या धातूला नीट टेकून थंड होतो. चिखलाने लिंपला की तापतो. त्याचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, ओढून बघा. पांढरं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं, एका पिनेभोवती वितळून कडक झालेलं आणि नाक जवळ नेल्यावर जळका वास: असं दिसलं तर निम्म्या वेळा आजार तिथेच असतो. निव्वळ कपलर आणि पिना बदलून गाड्या सुधारलेल्या मी पाहिल्या आहेत.

बऱ्याच बाईकमध्ये स्टेटरकडून, म्हणजे अल्टरनेटरच्या तारा गुंडाळलेल्या भागाकडून, तीन पिवळ्या तारा येतात. कपलर सोडवून, गाडी बंद असताना, प्रत्येक पिवळी तार आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप आली तर वाइंडिंग जळून बॉडीला लागलं आहे. चालू गाडीवर तारांच्या तिन्ही जोड्यांमधलं एसी व्होल्टेज सारखं यायला हवं आणि रेसबरोबर वाढायला हवं. पण हे व्होल्टेज झटका देण्याइतकं असतं. सराव नसेल तर हे माप वायरमनवर सोडा.

स्टेटर बदलायचा तर इंजिनचं कव्हर उघडावं लागतं, बहुतेक गाड्यांत ऑइल काढावं लागतं, गॅस्केट नवं लागतं, काहींत मॅग्नेटचा पुलर लागतो. घरी करू नका. आणखी काही वेळी हात मागे घ्या: बॅटरी फुगली किंवा गळते आहे, फ्यूज बदलला की पुन्हा उडतो (मोठ्या नंबरचा फ्यूज किंवा तार घालून वेळ मारून नेऊ नका, वायरिंग पेटते), गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती, गाडी वॉरंटीत आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना तिन्ही मापं कागदावर लिहून न्या. "बॅटरी बघा जरा" म्हणालात तर बॅटरी बदलून मिळेल, "रेसवर १२.६ येतंय" म्हणालात तर तो थेट आरआर काढतो.

आणि तरीही मोठीच टाकायची असेल

सगळं तपासून झालं, चार्जिंग १४ च्या वर आहे, गळती नाही, पण फॉग लाइट लागतातच किंवा गाडी आठवडाआठवडा उभी असते. मग जरूर टाका. मोठ्या बॅटरीने स्टेटर जळतो, ही भीती बाळगू नका. स्टेटर त्याच्या कुवतीइतकंच देतो. फक्त पूर्ण उतरलेली मोठी बॅटरी गाडीवर भरायला जास्त वेळ घेते, म्हणून ती बाहेर चार्ज करूनच बसवा.

मापं बघा. वायटीएक्स-५एल या कोडची बॅटरी ४ अँपिअर-तासांची, ११४ × ७१ × १०६ मिमी. वायटीएक्स-७एल ही ६ ची, लांबी-रुंदी तीच, उंची १३१. म्हणजे ट्रेमध्ये बसेल, पण वर २५ मिमी जास्त लागतील. झाकण किंवा सीटचा पत्रा पॉझिटिव्ह पोलला टेकतोय का ते बसवण्याआधी पट्टीने मोजा. जेमतेम जागा ठेवून "बसतंय की" म्हणू नका, खड्ड्यात पत्रा दबतो. बॅटरी आडवी करून कोंबू नका, पाण्याची असेल तर मुळीच नाही. तिची हवेची नळीही चेनच्या आणि सायलेन्सरच्या वाटेबाहेर खाली सोडावी लागते.

पोलची बाजू जुळवा. पोल तुमच्याकडे करून धरल्यावर ५एल आणि ७एलचा पॉझिटिव्ह उजवीकडे येतो, वायटीएक्स-९चा डावीकडे. बाजू उलटी असेल तर केबल ताणून जोडण्यापेक्षा बॅटरी परत करा. पट्टा आवळा, फ्यूज मूळ नंबरचाच ठेवा. लिथियमच्या मोहात पडायचं तर आरआरचं व्होल्टेज तिला चालतं का, हे बॅटरीच्या कागदावर वाचून मगच.

जुनी बॅटरी दुकानात द्या, वजावट मिळते. पावतीवर कोड आणि तारीख लिहून घ्या. बसवल्यावर सकाळचं आणि रेसवरचं माप त्याच पावतीच्या मागे लिहा, आठवड्याने पुन्हा मोजा. सकाळचा आकडा १२.६ च्या वर टिकला तर काम झालं. रोज थोडा थोडा घसरत असेल तर गळतीच्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.